भट्टीचं गाणं लागलं तेव्हा

मी टॉकीजचा मॅनेजर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "मग सिनेमे किती पाहिले असतील हो तुम्ही!" खरं उत्तर ऐकून त्याचा चेहरा पडतो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकही सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. मॅनेजर पडद्याकडं पाठ करून उभा असतो. माझ्या वाट्याला आले ते पडद्याच्या उजेडात दिसणारे चेहरे. हिरोईन रडायला लागली की खालच्या स्टॉलमधली कोणती रांग आधी डोळे पुसते आणि बाल्कनीतले लोक कोणत्या विनोदावर उगाच हसतात, हे मी सांगू शकतो. कथा मात्र विचारू नका.

आमची टॉकीज जुन्या जालन्यात, बाजाराच्या तोंडाशी होती. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की सळईच्या मिलमधली पोरं अंगावरची राख न झटकता मोटारसायकलीवर यायची. बियाण्याच्या कंपन्यांतल्या बायका घोळक्यानं यायच्या. अंबडच्या एसटीनं, अंकुशनगरच्या कारखान्याकडून, सुटीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं यायची. ही सगळी माणसं आत घ्यायची, अंधार करायचा, सगळ्यांना एका दिशेला तोंड करून बसवायचं आणि आपल्या पाठीमागं काय चाललंय याचा त्यांना विसर पडेल असं करायचं, हा आमचा धंदा. आता तुम्हीच विचार करा, तो अंधार ज्याच्या ताब्यात आहे त्याला झोप कशी लागत असेल?

लोकांना वाटतं टॉकीजवाला आगीला घाबरतो. आगीला घाबरतोच, पण त्याहून जास्त घाबरतो तो पळणाऱ्या माणसांना. एकदा कौटुंबिक सिनेमाच्या अगदी रडक्या प्रसंगात एका बाईच्या पायाला काहीतरी गार लागलं. ती ओरडली, "साप!" त्या एका शब्दानं अर्धा स्टॉल उठला. खुर्च्या जमिनीला बोल्टनं घट्ट, माणसं त्यावरून उड्या मारतायत, लेकरं खाली. नंतर सापडला तो पुढच्या रांगेतल्या माणसाचा गळून पडलेला पट्टा. कुणाला फारसं लागलं नाही हे नशीब. पण त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी की घाबरलेला माणूस जवळच्या दारानं पळत नाही, तो ज्या दारानं आत आला त्याच दाराकडं पळतो. बाजूचं दार उघडं असलं, त्यावर लाल दिवा जळत असला तरी त्याला ते दिसत नाही. दुसरी अशी की त्याला "घाबरू नका" असं कधीच सांगायचं नाही. ते ऐकलं की त्याची खात्रीच पटते.

मिलिंद आमच्याकडं आला तेव्हा मला निवृत्तीचे वेध लागले होते. मोठे सिनेमे मॉलमध्ये जात होते, आमच्याकडं उरलंसुरलं यायचं. हा पोरगा अंबडचा, शिक्षकाचा मुलगा. पुण्याला सिनेमाचं शिकून आलेला. बारीक चष्मा, हातात हार्ड डिस्कची पेटी, आणि ती पेटी टेबलावर ठेवायलाही तयार नाही, मांडीवर घेऊन बसला.

"काका, माझा सिनेमा पयले जालन्यात लागला पाहिजे," तो म्हणाला. "इथल्याच लोकांचा हाय."

"गाणी हैत का?"

"गाणीच हैत. बोलणं जवळपास न्हाईच."

"मारामारी?"

"न्हाई."

"मंग हिरो काय करून राह्यला?"

"हिरो अर्ध्यातच मरतो, काका."

मी चहा मागवला. अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

त्यानं सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. सळईच्या मिलमध्ये भंगार वितळवायची भट्टी असते. भंगारात कुठं बंद डबा नाहीतर पाणी राहिलं आणि ते भट्टीत गेलं, तर वितळलेलं लोखंड स्फोटासारखं बाहेर उसळतं. मिलवाले त्याला 'भट्टी फुटली' म्हणतात. जालन्यात हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. सिनेमातला नायक अशाच स्फोटात जातो. त्याचं लोखंड होतं, लोखंडाच्या सळया होतात, सळया देशभर घरांत, पुलांत, दवाखान्यांत जातात. आणि त्याच्या बायकोला त्या सगळ्यातून त्याचं गाणं ऐकू यायला लागतं. सिनेमाचं नाव होतं 'सळईचा सूर'.

सिनेमा लागणार त्या शुक्रवारी सकाळी आम्ही ट्रायल लावली. ट्रायल म्हणजे लोकांना दाखवायच्या आधी चित्र आणि आवाज बरोबर आहे का ते पाहणं. वर केबिनमध्ये आमचे ऑपरेटर हमीदभाई, खाली मी आणि मिलिंद. रिकाम्या हॉलमध्ये मला उभं राहायचं कारण नव्हतं, म्हणून थोडा वेळ पडद्याकडं तोंड केलं.

काय काय होतं त्यात! इमारती श्वास घेत होत्या. मिलमधले कामगार ओळीनं नाचत होते आणि प्रत्येकाच्या मानेवर डोक्याच्या जागी कापसाचं बोंड. कुंडलिका नदी लाल होऊन उलटी वाहत होती आणि तिच्यात बायका कपडे धूत होत्या. लाल सळया रोलरमधून सुटून रस्त्यानं सापासारख्या पळत अंबड चौफुलीला वळसा घालत होत्या आणि मागून बँड. डोळे दिपले हे कबूल. पण मला सारखं वाटत राहिलं, कुणीतरी आपल्याला फार महागडं ताट वाढून राह्यलंय आणि ताटात जेवण कुठं आहे तेच सापडत नाहीये. केबिनच्या खिडकीतून हमीदभाईंनी खाली डोकावून विचारलं, "साहब, नजारा बहोत है. कहानी किधर है?"

मिलिंदनं ते ऐकलं. त्याला राग आला नाही. तो म्हणाला, "काका, सरळ गोष्ट सांगितली असती तर ती बातमी झाली असती. बातमी आपण वाचतो, आन दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भजे बांधून मिळतात."

"पर मंग ह्या नाचणाऱ्या बिल्डिंगी कशाला?"

"मला तसंच दिसतं," तो म्हणाला. "आता पुढं ऐका. ऐकाच फक्त."

पडदा काळा झाला. पूर्ण काळा, बल्ब गेल्यासारखा. त्या काळोखात मिलचा आवाज सुरू झाला. रोलर, पंखे, साखळ्या, आणि हळूहळू त्या गोंगाटाची चाल झाली. त्या चालीवर एक माणूस काम करता करता गुणगुणतो तसं गुणगुणत होता. त्याचा श्वास अगदी कानाशी. हे इतकं लांबलं की मला माझा हात दिसेना म्हणून मी तो दुसऱ्या हातानं धरला. मग गुणगुणणं अर्ध्यात तुटलं. शांतता. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती, भिंतीतल्या पाली ऐकू आल्या. आणि मग सगळे स्पीकर एकदम, पडदा एकदम पांढरा आणि मग नारिंगी.

मी खुर्चीतून उठलो होतो. कधी उठलो ते माहीत नाही.

"हे गाणं असं लावता यायचं न्हाई," मी मिलिंदला बाहेर आणून म्हणालो. "आवाज कमी करावा लागल."

आवाजाचं असं असतं. यंत्रावर एक आकडा असतो, सिनेमा बनवणाऱ्यानं आपलं काम सातवर ऐकलेलं असतं. टॉकीजवाले ते पाचवर लावतात, कारण लोकांचे कान आणि आमची जुनी भिंत, दोन्ही जपावे लागतात. मिलिंदला सात पाहिजे होता. वरून त्याची आणखी एक मागणी होती. बाजूच्या दारांवरचे लाल दिवे त्या गाण्यापुरते झाकायचे. त्याला काळोख पुरा पाहिजे होता.

"दिवे झाकणार न्हाई," मी म्हणालो. "आत माणसं बसतात, बटाटे न्हाई."

बरंच बोलणं झालं. तो हट्टी होता, पण उद्धट नव्हता. शेवटी दिवे राहिले आणि आवाज सात ठरला. मालकांनी फोनवर सांगितलं होतं की पोरगं गावचं आहे, त्याचं मन राखा. मी हॉलच्या सगळ्या दारांच्या कड्यांना तेल दिलं. दारं बाहेरच्या बाजूला उघडतात ना, ते प्रत्येक दार ढकलून पाहिलं.

शुक्रवारचा बाराचा खेळ. हॉल भरला. शूटिंग इथलंच असल्यामुळं सिनेमात नाचलेले कित्येक जण आपापली माणसं घेऊन आले होते. मिलमधली पोरं पुढच्या रांगांत. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन बायका दारात थांबल्या. बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडणाऱ्या बायका डोक्याला रुमाल बांधतात, तसा एकीच्या डोक्याला अजून होता. दुसरी वयानं थोडी मोठी, तिनं मला विचारलं, "साहेब, ह्याच्यात भट्टी दावलीय म्हणं. खरं का?"

"हो," मी म्हणालो. "आवाज मोठा हाय. पुढं बसू नका."

ती रुमालवालीकडं वळून म्हणाली, "ऐकलं का इंदू? चल घरी."

रुमालवाली सरळ आत गेली. मोठी तिच्या मागं गेली. नंतर कळलं, इंदूबाईचा नवरा एका छोट्या मिलमध्ये भट्टीवर होता, आणि भट्टी फुटली त्यात गेला होता. ती मिल पुढं बंदच झाली. मोठी बाई म्हणजे कमलबाई, इंदूबाईची नणंद. गेलेला माणूस तिचा धाकटा भाऊ.

पहिला अर्धा भाग मजेत गेला. आपला माणूस पडद्यावर दिसला की शिट्ट्या, कापसाच्या डोक्यांवर हशा. एक जण ओरडला, "अबे, ते माझं बोंड हाय!" मी नेहमीप्रमाणं पडद्याकडं पाठ करून मुख्य दाराशी उभा होतो. चेहऱ्यांवर निळा, लाल, हिरवा उजेड येत जात होता. आणि मग तो उजेड गेला.

चेहरे दिसेनासे झाले. इतकी वर्षं ज्यांच्याकडं पाहून मी हॉलची नाडी ओळखायचो ते एकही दिसेना. फक्त दारांवरचे लाल ठिपके. मिलचा आवाज सुरू झाला. पोरांनी आधी हसून साथ दिली, कुणी साखळीच्या आवाजावर टाळी धरली. मग टाळी थांबली. गुणगुणणं सुरू झालं आणि हॉलमध्ये खोकलासुद्धा येईना. मला ठाऊक होतं पुढं काय आहे, आणि हे ठाऊक असणारे त्या अंधारात मी, वर हमीदभाई आणि शेवटच्या रांगेत बसलेला मिलिंद, एवढेच. गुणगुणणं तुटलं. शांतता पसरली. एका लेकरानं विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं, "मम्मी, काय झालं?"

आणि भट्टी फुटली.

आवाजानं छत हादरलं. आमच्या जुन्या छतावर वर्षांची धूळ साचलेली, ती एकदम खाली आली. वरच्या केबिनमधून येणाऱ्या नारिंगी झोतात ती धूळ हुबेहूब धुरासारखी दिसली. मी स्वतः पाहिली, आणि क्षणभर मलाही धूरच वाटला. पुढच्या रांगेतून एक आवाज आला, "भट्टी फुटलीऽऽ!"

मिलमध्ये ही आरोळी आली की मागं पाहायचं नसतं. हातातलं टाकायचं आणि पळायचं. ती पोरं तशीच पळाली. तिथं सिनेमा नव्हता, टॉकीज नव्हती, त्यांच्या पायांनी फक्त ती आरोळी ऐकली होती. आणि त्यांना पळताना पाहून सगळा हॉल उठला. सगळे माझ्याकडं, मुख्य दाराकडं.

मी दाराच्या दोन्ही फळ्या उघडून अडकवल्या आणि दाराशी लावलेल्या फोनवर वर केबिनला ओरडलो, "हमीदभाई, लाईट! आवाज उतरवा!" आधी दिवे लावायचे, मग आवाज हळूहळू उतरवायचा, चित्र शेवटी थांबवायचं, असा आमचा क्रम. सगळं एकदम बंद पडलं तर लोकांना वाटतं आता काहीच उरलं नाही. हमीदभाईंनी बराबर तसंच केलं. पण लोंढा दाराशी येऊन तुंबला होता. एक म्हातारा माणूस उंबऱ्याशी पडला. त्याच्यावर दुसरा. एका बाईनं लेकरू डोक्यावर धरलं होतं आणि ती लोकांत तरंगल्यासारखी पुढं येत होती, पाय जमिनीला लागत नव्हते. दारावरचा आमचा माणूस बाजूचं दार उघडून "इकडं या, इकडं या" ओरडत होता आणि एकही डोकं तिकडं वळत नव्हतं.

मी लॉबीतल्या माझ्या खोलीत धावलो. तिथं एक माईक असतो, इंटरव्हलला हरवलेल्या लेकरांची नावं पुकारायला. माझा आवाज फुटेल की काय अशी भीती वाटत होती. मी माईक धरला आणि रोज बोलायचो तशा कंटाळलेल्या आवाजात बोललो, "लक्ष द्या. ज्यांनी लाल मोटारसायकल गेटसमोर आडवी लावली आहे, त्यांनी ती ताबडतोब बाजूला घ्यावी. रस्ता अडतो आहे. लाल मोटारसायकल."

पुन्हा बोललो. तिसऱ्यांदा बोललो. जिथं आग लागली आहे तिथं कुणी मोटारसायकलीबद्दल बोलत नाही, हे घाबरलेल्या डोक्यालाही कळतं. लोंढ्याचा जोर किंचित ढिला झाला. कुणीतरी मागं वळून पाहिलं. गर्दीतूनच एक जण चिडून ओरडला, "अहो, माझी हाय, पण मी निघू कसा?" त्यावर दोघं-तिघं हसले. त्या हसण्यानं दाराशी श्वास घेण्यापुरती जागा झाली. मग मी म्हणालो, "बाजूची दारं उघडी आहेत, लाल दिव्याखाली. तिकडून बाहेर या, पाणी ठेवलंय." आणि माणसं वळली.

म्हाताऱ्या माणसाचं मनगट मोडलं. एका मुलीच्या कपाळाला खोक पडली. खूप चपला, एक बांगडी, चष्म्याच्या काचा. एवढ्यावर निभावलं. खोलीतून बाहेर येऊन मी तिकीट खिडकीला टेकून उभा राहिलो आणि कुणी बोललं तरी ऐकू येत नव्हतं.

हमीदभाई खाली आले. त्यांनी खांदा धरून सांगितलं, "साहब, अंदर कोई बैठा है."

रिकाम्या, उजेडातल्या हॉलमध्ये मधल्या रांगेत इंदूबाई बसली होती. हात मांडीवर. कमलबाई तिचा दंड धरून ओढत होती आणि रडत होती.

"उठ गं बाई, उठ. मी तुला म्हणलं व्हतं."

"तुम्ही बाहेर चला," मी म्हणालो. "लागलंय का काही?"

इंदूबाईनं मान हलवली. तिच्या केसांत, रुमालावर छताची धूळ होती. ती म्हणाली, "साहेब, पुढचं राह्यलं ना. तेवढं लावा."

"बाई, लोक पळून गेले. तुम्ही कशा न्हाई पळल्या?"

"मी कुठं पळू?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "मला रोजच ऐकू येतंय. घरात पंखा हाय, त्याच्या सळीतून येतं. कंपनीत खांबाला टेकले की येतं. ते काम करताना असंच गुणगुणायचे. कोणाला बोलले न्हाई. येडी म्हणतील. ह्या पोराला कसं कळलं?"

मिलिंद माझ्या मागं उभा होता, काचा फुटलेला चष्मा हातात. गर्दीत सापडून त्याचा शर्ट फाटला होता.

"मला माहीत नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मी मनानंच रचलं होतं. कोणी सांगितलं न्हाई मला."

"मंग बराबर रचलंय," इंदूबाई म्हणाली.

कमलबाई वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "काय बराबर? माझ्या भावाचं काय मिळालं होतं आम्हाला, माहीत हाय? गाठोडं. आन तू त्याच्यावर बिल्डिंगी नाचवल्या? लोकं आपल्या पोरांना घेऊन शिट्ट्या मारू लागले? माझा भाऊ तमाशा न्हाई."

मिलिंद मला म्हणाला, "बंद करा काका. उतरवा सिनेमा. आज माणसं मेली असती." मालकांचाही फोन येऊन गेला होता, बातमी बाहेर जायच्या आत उतरवा म्हणून. चौकीतून हवालदार येऊन सगळं पाहून गेले होते. सगळे एका बाजूला होते, आणि मधल्या रांगेत एक बाई बसलेली.

मी काय ठरवलं ते मला आजही धाडसाचं वाटत नाही. मला फक्त तिला उठवता आलं नाही. मी बाहेर फाटकाशी गेलो, तिथं अजून बरेच जण उभे होते, आणि म्हणालो, "ज्यांना राहिलेलं पाहायचंय त्यांनी यावं. दारं उघडी राहतील, त्यांचे पडदे बांधलेले राहतील. आवाज चारवर." अर्धे निघून गेले. बाकीचे आले. पुढच्या रांगेतली मिलची पोरं आली, पण या खेपेला दाराजवळ बसली.

भर दुपारचं ऊन आत येत होतं. पडद्यावरचे रंग फिके, सगळं धुतल्यासारखं. दिपवणारं काहीच उरलं नव्हतं. राहिलेल्या सिनेमात ती बायको घराघरात जाते, परक्यांच्या खांबांना, दवाखान्याच्या भिंतींना, पुलाच्या कठड्याला कान लावते, आणि लोक तिला हाकलतात. शेवटी सगळ्या इमारती एक सूर धरतात. सकाळी ट्रायलचा शेवट दारातून पाहिला तेव्हा मला ती नुसती करामत वाटली होती. आता मी पडद्याकडं पाहतच नव्हतो, इंदूबाईकडं पाहत होतो. पडद्यावरच्या बाईनं कान लावला की हिची मान तेवढीच कलत होती. सूर लागला तेव्हा तिनं डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर धरला.

कमलबाई बाहेर पायरीवर बसून राहिली. शेवटपर्यंत आत आली नाही. जाताना मिलिंदनं तिला नमस्कार केला, तो तिनं घेतला नाही. तिचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मालकांना मी कसंबसं तयार केलं. मिलिंदलाही. तो सिनेमा दाखवायला घाबरत होता आणि उतरवायलाही. आम्ही एक पाटी बनवून त्या गाण्याच्या आधी पडद्यावर टाकली: आता पडदा काळा होईल, मोठा आवाज होईल, हे सिनेमातलं आहे. आवाज पाचवर. मिलिंदला वाटलं, आधीच सांगितल्यावर गाण्यात काय उरणार? उलटंच झालं. पाटी वाचली की लोक खुर्चीचे हात धरून बसायचे. मला आरोळीची भीती वाटायची, प्रत्येक खेळाला, प्रत्येक वेळी. शांततेच्या त्या तुकड्यात मी दाराची कडी मुठीत धरून उभा असायचो.

मोठ्या शहरातल्या एका पेपरात नंतर छापून आलं की सिनेमा दिसायला अफाट आहे, पण चमकदार वेष्टन उघडलं तर आत काही नाही. मिलिंदनं ते कात्रण मला दाखवलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं काका?" मी सांगितलं की मी सिनेमे पाहत नाही. ही टाळाटाळ नव्हती. मला खरंच ठरवता येत नव्हतं. इंदूबाईला त्यात नवरा सापडला आणि कमलबाईला भावाची विटंबना. दोघी एकाच घरातल्या.

मला जे सांगता येईल ते दुसऱ्या दिवशीच्या खेळानंतरचं. भुताच्या सिनेमाला लोक आत किंचाळतात आणि बाहेर येताना हसतात, एकमेकांना चिमटे काढतात. भीती खुर्चीतच सोडून येतात. त्या दिवशी खेळ सुटला आणि लोक बाहेर आले ते फाटकाकडं गेलेच नाहीत. पोस्टरखाली, जिन्यावर, पाण्याच्या टाकीशी उभे राहिले आणि सगळ्यांनी फोन काढले. मला आधी वाटलं फोटो काढतायत.

"हॅलो... कुठं हैस? भट्टीवर का? काही न्हाई, असंच केला."

"डबा खाल्ला का?"

"पप्पा, तुम्ही कधी सुटणार?"

"काही न्हाई झालं. काही न्हाई म्हणलं ना. नुसतं बोल."

एक तरुण मुलगी, बहुतेक नवीन लग्न झालेली, जिन्याच्या कोपऱ्यात उभी होती. तिचा फोन कुणी उचलत नव्हतं. ती पुन्हा लावायची, कानाला धरायची, खाली घ्यायची. पुढच्या खेळाची माणसं फाटकाशी जमली होती, हमीदभाई वरून घंटेसाठी खुणा करत होते. मी तिच्याजवळ गेलो.

"कुठं असतात ते?"

"मिलमधी. आज पयल्या शिफ्टला गेलेत." "रिंग जाऊन राह्यली, पण उचलून नाय राह्यले."

"यंत्राच्या आवाजात ऐकू येत नसल," मी म्हणालो. घाबरू नका असं म्हणालो नाही.

तिनं स्पीकर चालू करून परत लावला. तिच्याभोवतीचे दोन-तीन जण आपलं बोलणं थांबवून तिच्याकडं पाहायला लागले. जिन्यावरचे गप्प झाले. हळूहळू सगळी लॉबी त्या एका फोनची रिंग ऐकत उभी राहिली. मी वर पाहून हमीदभाईंना हात केला, थांबा म्हणून.

फोन उचलला गेला तेव्हा आधी मिलची घरघर ऐकू आली, आम्हा सगळ्यांना. मग त्या घरघरीत एक माणूस ओरडून म्हणाला, "हां, बोल! काय झालं?"

तिनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. मी जिना चढून वर गेलो आणि पुढच्या खेळाची घंटा वाजवली.